सहाव्या किलोमीटरवरची बाई

शर्यत मुलुंड चेकनाक्यापासून सुरू होत होती. आग्रा रोडने घाटकोपरपर्यंत जायचं, तिथे रस्त्याच्या मधोमध ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत यायचं, आणि हेच सगळं पुन्हा एकदा करायचं. एका बाजूचं अंतर दहा किलोमीटर साडेपाचशे मीटर. आदल्या रविवारी मी दादाच्या सायकलच्या चाकाला खडूची खूण केली आणि फेरे मोजून ते पडताळून पाहिलं. एकोणतीस मीटर जास्त भरलं. चाकात हवा कमी असणार.

तारीख ९ फेब्रुवारी १९८६, पहाटेचे सहा. आम्ही दोनशेच्या वर पळणारे होतो, त्यात बायका सात. मी दादाचा सुती शर्ट घातला होता. पुढे नंबर होता आणि पाठीवर नलिनीताईंनी स्वतःच्या हाताने टाके घालून शिवलेलं कापड, ‘विसरणाऱ्यांसाठी’.

नलिनीताई निवृत्त नर्स. मुलुंडला दोन भाड्याच्या खोल्यांत त्या दिवसभर नऊ म्हातारी माणसं सांभाळायच्या. ज्यांना घरचे ‘म्हातारचळ लागलाय’ म्हणतात आणि डॉक्टर कागदावर ‘डिमेन्शिया’ लिहून देतात, अशी माणसं. मार्चनंतर घरमालक खोल्या ठेवू देणार नव्हता. मी ज्या औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते, तिथल्या मालकांनी पुढच्या वर्षाचं भाडं द्यायचं कबूल केलं होतं. अट एकच होती, मी पूर्ण बेचाळीस किलोमीटर धावायचं. साडेअकराला रस्ता गाड्यांना खुला होणार होता, म्हणजे त्याच्या आत.

दादा सायकलवरून बरोबर होता. हँडलला ग्लुकोजच्या पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक ओला पंचा. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ दशरथ, भांडुपच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर.

“ए अनु, तो पुढचा टकलू बघ. साठ वर्षांचा असेल. लाज आण जरा.”

“दादा, मला बोलायला लावू नकोस. श्वास जातो.”

“तू नको बोलू. मी बोलतो.”

भांडुप मागे पडलं तेव्हा अजून पुरतं उजाडलेलं नव्हतं. दादा पुढच्या नळावर बाटली भरायला गेला होता. सहावा किलोमीटर संपत होता, कांजूरच्या थोडं अलीकडे. डाव्या हाताला बंद दुकानांची रांग होती आणि त्यातल्या एका पायरीवर, दिव्याच्या खांबाखाली, आई बसली होती.

पाय जुळवलेले. चपला काढून शेजारी नीट लावलेल्या. दोन्ही हात पदराखाली. आई अशीच बसायची.

थांबायचं की नाही हे ठरवायच्या आत मी शंभर मीटर पुढे आले होते. ती दिसली तेव्हा माझ्यात आणि पायरीत वीसेक मीटर अंतर होतं, उजेड अपुरा होता आणि चेहरा अर्धा सावलीत होता. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय याआधी आई मला एकवीस वेळा दिसली होती. मी मोजते. मुलुंडच्या पुलावर, नाहूरच्या फाटकाशी, एकदा तर आमच्याच सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे. प्रत्येक वेळी जवळ गेल्यावर ती दुसरीच कुणी निघायची. काही वेळा तिथे कुणीच नसायचं.

मी पळत राहिले. दादाला काही सांगितलं नाही.

आईला हरवून चौदा महिने झाले होते. १२ डिसेंबर १९८४, बुधवार. रोज चार ते साडेपाच ती सोसायटीच्या बाकावर शेजारच्या मालनकाकूंबरोबर बसायची. त्या दिवशी काकू दूध उतू जाईल म्हणून घरात गेल्या आणि चार मिनिटांनी बाहेर आल्या, तर बाक रिकामा. मी प्रयोगशाळेत होते, दादा दुसऱ्या पाळीला. वडील जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती.

पळायला मी त्यानंतर लागले. रोज सकाळी कामावर जायच्या आधी गल्ल्या धुंडाळायचे. नकाशावर चौकोन आखले होते, बघून झालेला चौकोन पेन्सिलीनं भरायचा. चालत गेलं तर दिवसाला एक चौकोन व्हायचा, पळत गेलं तर तीन. आठ महिन्यांनी नलिनीताई म्हणाल्या, “पळतेसच तर कुणाच्या तरी उपयोगी पळ गं.”

घाटकोपरच्या पिंपाशी वळले तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती. हळूहळू उजाडलं. परतीच्या वाटेवर, पंधराव्या किलोमीटरला, मी तिला उजेडात पाहिलं.

आई नव्हती. आईच्या डाव्या भुवईत पाटा लागल्याची खोक होती, हिच्या भुवया सलग होत्या. ही जास्त सावळी आणि हाडापेरानं रुंद. पण सूर्य वर आला होता, ऊन तिच्या गुडघ्यांवर पडलं होतं आणि ती तासाभरापूर्वी जिथे होती तिथेच, तशीच बसली होती. कुणाची वाट बघणारं माणूस निदान रस्त्याच्या एका बाजूला बघतं. ही समोर बघत होती.

“दादा,” मी म्हटलं, “ती पायरीवरची बाई. बघून ये.”

दादानं मागे पाहिलं आणि त्याची सायकल एकदम वेडीवाकडी झाली.

“आई नाहीये,” मी घाईनं म्हटलं. “पण हरवलेली आहे. विचार तिला.”

तो परत फिरला. दोन किलोमीटर पुढे त्यानं मला गाठलं. बाटली पुढे केली.

“काय झालं?”

“काही नाही येत तिला. नाव विचारलं, गाव विचारलं. म्हटलं आजी, नवऱ्याचं नाव काय, तर पदर तोंडाला लावून नुसती हसली. घरी कुणी बोललं का, कुठून आलीस, तर काहीच नाही. सगळं पुसलं गेलंय. आपल्या आईसारखंच.” त्यानं पंचा माझ्या मानेवर टाकला. “पाण्याच्या टेबलावरच्या पोरांना सांगून आलोय, लक्ष ठेवा म्हणून. हवालदार आला की सोपवतील. तू पळ.”

पदर तोंडाला लावून हसली.

मी पळत होते, पण त्यानंतरचे दहा किलोमीटर मला रस्ता दिसलेला आठवत नाही.

आईचा आजार सुरू झाला तेव्हा मी नुकतीच बीएस्सी झाले होते. मला वाटलं, मोजता येईल. एक वही केली. रोज सकाळी सातला पाच प्रश्न. वार कोणता, जेवलीस काय, मी कोण, आपण राहतो कुठे. आणि पाचवा बाबांच्या नावाचा. पहिल्या चार रकान्यांत हळूहळू फुल्या वाढत गेल्या. पाचव्यात कधीच फुली पडली नाही. एकशे अठ्ठ्याहत्तर दिवस, एकशे अठ्ठ्याहत्तर बरोबरच्या खुणा. नाव आलं की त्याच्या मागोमाग पत्ताही यायचा, जो एरवी विचारला तर यायचा नाही. मी तेही वहीत टिपून ठेवलं होतं.

त्याच सुमारास दादानं वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमचा एक बिल्ला कापून आणला. त्यावर ठशांनी आईचं नाव आणि सोसायटीचा पत्ता ठोकला होता. गळ्यातल्या पोतीत अडकवू म्हणाला.

“आई काय कुत्रा आहे, पट्टा घालायला?” मी म्हटलं.

“अगं, कुठे गेली-बिली तर?”

मी वही उघडून त्याच्यासमोर ठेवली. “नाव तिला येतं. एकदाही चुकलेली नाही. हरवली तर कुणीही विचारेल आणि ती सांगेल.”

दादा नववी झालेला. वहीतल्या रकान्यांपुढे तो काय बोलणार? बिल्ला त्यानं परत नेला.

वहीत एक गोष्ट लिहिलेली नव्हती, कारण ती लिहायची असते हेच मला सुचलं नव्हतं. पाचवा प्रश्न मी कसा विचारत होते ते. आईनं उभ्या जन्मात बाबांना नावानं हाक मारली नाही, कुणापुढे नाव उच्चारलं नाही. रेशनकार्डावर नाव सांगायची वेळ आली की मला पुढे करायची. हे मला माहीत होतं, म्हणून पहिल्या दिवसापासून मी विचारायचे ते असं: “आई, नाव घे ना.” मग ती मान खाली घालायची, लग्नातल्यासारखी, आणि म्हणायची,

“खळ्यात वाळत घातलं भात,
दत्तारामरावांच्या हाती दिला मी हात.”

मी खूण करायचे. पंधरा सेकंदांत काम.

आई हरवल्यावर तीन महिन्यांनी भांडुपला पिठाच्या गिरणीवाल्या गुणाजींनी तिचा फोटो ओळखला. तेव्हा मी एकटीच होते. ते म्हणाले, “हो, हो, आलेली की ही आजी. डिसेंबरातच. संध्याकाळची वेळ. इकडेतिकडे बघत उभी राहिलेली. मी बसवलं, पाणी दिलं. विचारलं, आजी, नवऱ्याचं नाव काय? तर लाजली हो. पदर घेतला तोंडावर. मी दोनतीनदा विचारलं. गिऱ्हाईक होतं समोर, मी वळलो, तर ‘येते हं’ म्हणाली नि गेली.”

तो तिचा शेवटचा माग. दादाला मी एवढंच सांगितलं, “तिला नाव सांगता आलं नाही.” वाक्य खोटं नव्हतं. दादा म्हणाला, “म्हणजे त्याच दिवशी नेमकी विसरली,” आणि मी त्याला तसंच राहू दिलं.

खरं म्हणजे मीही त्याच्याच आडोशाला राहिले होते. एकशे अठ्ठ्याहत्तर वेळा बरोबर आलं म्हणून एकशे एकोणऐंशीव्या वेळी येईलच असं नसतं. आजार वाढता होता. ती गुणाजींच्या गिरणीत उभी असताना खरंच विसरली असेल आणि विसरले म्हणून ओशाळून हसली असेल. अशक्य नव्हतं. आणि खरं काय ते तपासून बघायची सोय नव्हती, कारण जिला विचारायचं तीच नव्हती.

आता पायरीवर दुसरी एक बाई होती. तिला चुकीचा प्रश्न विचारून झाला होता आणि तिचं उत्तर मला कळलं होतं.

दुसऱ्या फेरीला लागले तेव्हा रस्त्याच्या कडेला लोक जमू लागले होते. पाठीवरचं कापड वाचून पोरं ओरडत होती, “ए ताई, काय विसरलीस? चप्पल?” आणि हसत होती. डाव्या पोटरीत गोळा येत होता. पावलांच्या तालावर खळ्यात वाळत घातलं भात, खळ्यात वाळत घातलं भात, एवढंच डोक्यात फिरत होतं. दुसरी ओळ यायची नाही.

सत्ताविसाव्या किलोमीटरला ती होती. पाण्याच्या टेबलावरच्या एका मुलीनं तिच्यापुढे बिस्किटं ठेवली होती, तिनं खाल्ली नव्हती. हवालदार अजून आलेला नव्हता.

मी रस्ता सोडला.

“अनु!” दादा ओरडला. “काय करतेस? पाय धरतील. थांबलीस तर परत उठणार नाहीस.”

मी पायरीवर तिच्याशेजारी बसले. घामाने माझे डोळे चुरचुरत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बुटांकडे, आणि आपल्या चपला जराशा बाजूला सरकवल्या, मला पाय ठेवायला जागा व्हावी म्हणून.

मला विचारायचं नव्हतं. हे मी नीट लिहून ठेवते, कारण माझ्या मनात त्या क्षणी तिच्या घराचा विचार नव्हता. ती गप्प राहिली असती तर मी सुटले असते.

“आजी,” मी म्हटलं, “नाव घ्या ना.”

ती मान खाली घालून बसली. मी मनात आकडे मोजू लागले. सातपर्यंत आले.

“पितळेच्या परातीत जोंधळ्याचं पीठ,” ती म्हणाली. आवाज खणखणीत होता. टेबलावरची मुलं वळून बघायला लागली. “भाऊरावांचं नाव घेते, ऐका समदी नीट.”

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. ती लाजून हसली आणि पदर सारखा केला.

“कुठले हो भाऊराव?” मी विचारलं. माझा आवाज मला ऐकू येत नव्हता.

“कुठलं म्हंजी? कन्नमवार नगरातलं. टाकीच्या म्होरं ऱ्हातो न्हवं का आम्ही.” मग ती वैतागली. “कवाधरनं बसलीया हितं. कुनी इचारतच न्हाई.”

दादा सायकल धरून उभा होता. त्यानं तासाभरापूर्वी याच बाईला, याच पायरीवर विचारलं होतं. तो तिच्याकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता.

“तू जा,” तो म्हणाला. “मी पोचवतो हिला.”

“दादा…”

“जा म्हटलं ना.”

थांबण्यात सहा मिनिटं गेली होती. उठताना गुडघ्यांनी नकार दिला, मग चालू लागले, मग कसंबसं पळू लागले. उरलेले पंधरा किलोमीटर मी एकटी होते. घाटकोपरच्या पिंपाला वळसा घातला. परत येताना छत्तिसाव्या किलोमीटरला पायरी रिकामी दिसली. बिस्किटं तिथेच होती, एक कावळा ती फोडत होता. त्या दिवसानंतर आई मला कुठे दिसलेली नाही. तेविसावी वेळ आली नाही. मला वाटलं होतं की असं झालं तर बरं वाटेल.

दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी मी चेकनाक्याला पोचले. नलिनीताईंनी मला अंगाशी धरलं, त्या रडत होत्या. “झालं गं पोरी, खोल्या राहिल्या.” माझ्या कारखान्याचे मालक मुलांना घेऊन आले होते, त्यांनी हात मिळवला. मी सगळ्यांच्या खांद्यांवरून रस्त्याकडे बघत होते.

दादा बाराच्या सुमाराला आला. सायकल हातात धरून, चालत. मंडप उतरवायला सुरुवात झाली होती. मी फुटपाथच्या कडेला पाय लांब करून बसले होते.

“घर सापडलं?”

“सापडलं. शकुबाई नाव तिचं. सून आहे, मीरा. पहाटेपासून सगळी चाळ शोधतेय. पाया पडायला लागली माझ्या.” त्यानं सायकल स्टँडवर लावली नाही. “म्हणाली, एवढ्या लोकांनी विचारलं असेल, सासूबाई बोलल्या कशा नाहीत?”

मी पोटरी चोळत राहिले.

“आईला तू रोज कसं विचारायचीस?”

मी सांगितलं.

“आणि त्या गिरणीवाल्यानं कसं विचारलं?”

तेही सांगितलं. पदर, लाजणं, ‘येते हं’, सगळं. त्यानं मधे तोडलं नाही.

“म्हणजे तुला तेव्हाच कळलं.”

“संशय होता. खात्री नव्हती.”

“आणि आता?”

“आता आहे.”

तो ओरडेल असं मला वाटलं होतं. बिल्ल्याचं काढेल, कुत्र्याचं काढेल. त्यानं ब्रेकची तार बोटानं चाचपली, सोडली, पुन्हा चाचपली.

“मी काय धरून बसलो होतो माहितेय?” तो म्हणाला. “तिला काही आठवतच नाही. कुठे पण असली ना, तरी तिला आपण कोण ते ठाऊक नाही, म्हणून तिला त्रास नाही. त्यावर झोपायचो मी, अनु.”

“दादा, मी…”

“ती गिरणीत उभी होती तेव्हा तिला माहीत होतं. आपलं घर, बाबांचं नाव, सगळं.”

“हो.”

“म्हणजे अजून माहीत असेल.”

यावर एक उत्तर होतं. चौदा महिन्यांत आजार किती पुढे जातो, उघड्यावर राहिलेलं साठीचं शरीर किती टिकतं. मी वाचलेलं होतं सगळं. मी ते बोलले नाही.

दादानं सायकल फिरवली. तोंड घराकडे नव्हतं, ठाण्याकडे होतं.

“ठाण्यात आपण नुसते चेहरे बघत फिरलो,” तो म्हणाला. “विचारलं कुणालाच नाही. बस मागे.”

माझे गुडघे वाकत नव्हते. त्यानं सायकल फुटपाथला टेकवून तिरकी धरली, मी कशीबशी कॅरियरवर बसले. नाका ओलांडला. पलीकडच्या बसथांब्यावर एक म्हातारी एकटीच बसली होती. ती आई नव्हती, हे लांबूनच कळत होतं. दादानं तरीही ब्रेक दाबला.